रेस्टिट्यूशन: एका शब्दावर उभा राहिलेला खटला

महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या की आम्ही एक अवघड इंग्रजी शब्द घेतो. मागच्या खेपेला गटाच्या कर्जाच्या कागदातला ‘सेव्हरली’ घेतला होता. शाळेत ‘सेव्हरल’ म्हणजे ‘बरेच’ असं शिकलो, पण करारात त्याचा अर्थ निघतो ‘प्रत्येकीवर वेगळी जबाबदारी’. आज त्याहून जड शब्द घेऊ: ‘रेस्टिट्यूशन’. हा शब्द आपल्यातल्या काही जणींच्या दारात येऊन गेलेला आहे, फक्त त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बाई माहेरी निघून आली की कोर्टाची नोटीस येते, ‘नांदायला ये’. त्या दाव्याचं इंग्रजी नाव ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स’. ‘कॉन्जुगल’ म्हणजे नवराबायकोच्या नात्यातलं. आणि ‘रेस्टिट्यूशन’?

त्यातलं सुरुवातीचं ‘रि’ किंवा ‘रे’ आपल्या ओळखीचं आहे. रिटर्न, रिफंड, रिन्यू. म्हणजे पुन्हा, परत. रिफंड कधी मिळतो? आधी पैसे भरलेले असतील तेव्हा. तसंच रेस्टिट्यूशन म्हणजे जे आधी होतं, ते परत मिळवून देणं. एवढं ध्यानात ठेवा, कारण १८८५ साली मुंबईच्या हायकोर्टात सारा खटला याच ‘परत’वर येऊन थांबला.

तो खटला रखमाबाईंचा. त्यांचा जन्म १८६४ चा, सुतार समाजातला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं, नवरा एकोणीस वर्षांचा. पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत, आईकडेच राहिल्या. लग्नाबरोबर शाळा सुटली. घरी मात्र पुस्तकं होती, डॉक्टर सावत्र वडिलांचा पाठिंबा होता. मिळतील ती इंग्रजी पुस्तकं वाचत त्या शिकत गेल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला: माझी बायको माझ्या घरी पाठवा.

१८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये बालविवाह आणि विधवांचे हाल यांवर दोन पत्रं छापून आली. खाली सही होती ‘अ हिंदू लेडी’, म्हणजे एक हिंदू बाई. त्या बाई म्हणजे रखमाबाई, हे नंतर उघड झालं. शिक्षण अर्ध्यात तुटलेल्या, विशी ओलांडलेल्या मुलीनं हे इंग्रजीत लिहिलं होतं. इंग्रजीतच का? आम्हाला वाटतं, कारण सरळ आहे. कायदा करणारे आणि न्याय देणारे साहेब तेच छापील पान रोज सकाळी वाचत होते. शब्द नुसता पाठ असून उपयोग नाही, तो कुणाच्या कानापर्यंत न्यायचा हेही कळावं लागतं. ते त्यांना कळलं होतं.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूनं. त्यांनी बोट ठेवलं ते दाव्याच्या नावावरच. हा कायदा विलायतेहून आलेला. तिथे तो अशा जोडप्यांसाठी होता, जी एकत्र राहिली आणि मग वेगळी झाली. इथे ही दोघं एकत्र राहिलेलीच नाहीत, मग परत काय द्यायचं? या दाव्याला रेस्टिट्यूशन म्हणणं म्हणजे ‘मिसनोमर’, चुकीचं नाव. (तेवढ्यात हाही शब्द घ्या. मिसयूजमधला ‘मिस’ तो हाच, चुकीचं या अर्थाचा.) लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध त्या घरी पाठवणं क्रूरपणाचं आहे, असंही त्यांनी सुनावलं.

निकालावर गदारोळ झाला. टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. त्यांचा सूर असा की हिंदूंच्या लग्नात इंग्रजी कोर्टानं नाक खुपसू नये. गंमत अशी, की दावाच मुळी इंग्रजी कायद्याच्या शब्दात लावलेला होता! अपील झालं आणि १८८६ मध्ये वरच्या न्यायमूर्तींनी पिन्हींचा निकाल फिरवला. लग्न लागलं तिथेच नवऱ्याचा हक्क पुरा झाला, आधी एकत्र राहिलेले असायची गरज नाही, असं ठरलं. म्हणजे ‘परत’ या अर्थाला कोर्टानं बाजूला सारलं. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन.

ती वेळ आली नाही. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकूम बजावून घेण्याचा आग्रह सोडला. त्या काळचे दोन हजार, ध्यानात घ्या. ज्या संसारात कधी पाऊल टाकलं नाही, त्यातून सुटण्याची ती किंमत. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले. पुढे आलेल्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्यांच्या खटल्यानं पेटलेल्या वादाचाही हात होता.

शब्द मात्र गेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो तसाच बसला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं हे कलम घटनेविरुद्ध ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. फरक एवढा झाला, की या निकालापायी आज बाईला तुरुंगात टाकता येत नाही. निकाल जाणूनबुजून मोडला तर मिळकतीवर जप्ती येऊ शकते, आणि निकालानंतर वर्षभर दोघं एकत्र आली नाहीत तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. पोलीस येऊन धरून नेतील, अशी भीती कुणी घातली तर ती खोटी आहे, हे शेजारणीलाही सांगा.

तरीपण नोटीस आली तर ती चुलीत घालू नका. घर का सोडलं, मारहाण होती का, पैशाची मागणी होती का, हे कोर्टापुढे मांडता येतं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना नोटिशीचा कागद बरोबर न्या, त्यावरच्या तारखेवर बोट ठेवा आणि विचारा, ‘ही रेस्टिट्यूशनची केस आहे का? कलम ९ ची?’ तारखेला गेलंच नाही तर निकाल एकतर्फी लागतो. त्याला वकील ‘एक्स पार्टी’ म्हणतात. त्याचा अर्थ जेवणाची पार्टी असा नाही. तो शब्द पुढच्या बैठकीत घेऊ.