मरीच आणि मिरची : पोथ्यांच्या कालनिर्णयाचें एक साधन

पोथीचा काल ठरवितांना आपण कागद, शाई, अक्षराचें वळण आणि पुष्पिका हीं साधनें प्रथम हातीं घेतों. त्यांत आणखी एका साधनाची भर घालावी असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें साधन म्हणजे पोथींत आलेलीं खाद्यपदार्थांचीं नांवें.

आरंभीं माझ्याच एका प्रमादाची कबुली देणें उचित होईल. लातुराकडील एका शाळेंत संस्कृत शिकवितांना 'मरीच' या शब्दाचा अर्थ मीं कित्येक वर्षें 'मिरची' असा सांगत आलों. एके दिवशीं एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, मग काळ्या मिऱ्याला संस्कृतांत काय म्हणायचें?" त्यास उत्तर देण्यासाठीं कोश उघडला, तेव्हां माझी चूक मला दिसली. मरीच म्हणजे मिरें. मिरची ही त्या मिऱ्याचें नांव धारण करून आलेली परदेशस्थ वनस्पति होय. ती मूळची अमेरिका खंडांतील. कोलंबसाचें पहिलें पर्यटन इ. स. १४९२ चें, वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ मध्यें, आणि गोवें पोर्तुगीजांनीं घेतलें १५१० मध्यें. यांपूर्वीं या देशांत कोणाच्याही जिभेस मिरची ठाऊक असणें शक्य नव्हतें. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हें आमच्या बालाघाटावरील शेतकऱ्याचें सनातन अन्न असें आपण समजतों. त्यांतील भाकरीचें धान्य खरोखरच पुरातन आहे. ठेचा मात्र फार तर चार-पांच शतकांचा.

मिरचीपूर्वींचें अन्न कसें होतें हें पाहण्यास दूर जावयास नको. कल्याणीचा चालुक्यराजा तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल, याचा 'मानसोल्लास' शके १०५१ च्या सुमाराचा आहे. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. तें निलंग्याहून फार दूर नाहीं. देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं देवळें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हा प्रदेश त्याच राजवंशाच्या छत्राखालीं होता हें निराळें सांगणें नको. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२५ पासून तीन भागांत छापला गेला. त्यांतील 'अन्नभोग' हें प्रकरण प्रत्येक संग्राहकानें एकवार अवश्य वाचावें. गहूं धुऊन, वाळवून, दळून केलेले मंडक, म्हणजे आपले मांडे, त्यांत आहेत. ते खापरावर भाजावयाचे. पोलिका आहे, पूरिका आहे, दोसका आहे. इडरिका आहे, परंतु ती आजच्या इडलीसारखी उकडलेली नव्हे. उडदाच्या पिठाचे लहान गोळे तुपांत तळून त्यांवर मिऱ्याची पूड, जिरें आणि हिंग टाकावयाचें, असा तिचा विधि आहे. शेतांतील व नदीकांठचे उंदीर तेलांत टाकून, केस काढून शिजविण्याचाही विधि राजानें निःसंकोच दिला आहे. आपल्या पूर्वजांचें ताट सदैव सात्त्विकच होतें असें मानणाऱ्या स्नेह्यांना मीं तो भाग मुद्दाम वाचावयास देतों.

या संपूर्ण प्रकरणांत तिखटपणा आहे तो मिरें, आलें व हिंग यांचा. मिरची नाहीं, बटाटा, भुईमूग, मका हींही नाहींत. मांडूच्या सुलतानाच्या पाकशाळेंतील 'निअमतनामा' हा सुमारें इ. स. १५०० चा ग्रंथ. त्याचीही हीच गोष्ट. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईन-इ-अकबरी'मध्यें अननस आला आहे, परंतु बादशाही मुदपाकखान्याच्या साहित्यांत मिरची अजून नाहीं. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेली वनस्पति उत्तरेच्या राजगृहीं पोहोंचण्यास किती विलंब लागला तें यावरून दिसतें. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनें हीच मिरची हंगेरीपर्यंत गेली आणि तेथील लोक आज तिलाच आपलें राष्ट्रीय भूषण समजतात. इटलीचा टोमॅटो आणि आयर्लंडचा बटाटा यांचीही हकीकत अशीच.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचा मुद्दा. नव्या जगांतून आलेल्या पदार्थांचे नांवांवरून दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आपलें परकीय नांव घेऊनच आला. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू हे शब्द पोर्तुगीजांच्या मुखांतून आले आहेत. पोथींत ते दिसतांच कोणीही सावध होईल. दुसरा वर्ग धोक्याचा आहे. त्यानें येथें येतांच घरचीं वस्त्रें परिधान केलीं. मिऱ्यावरून मिरची, मुगावरून भुईमूग. आणि सीताफळ व रामफळ यांनीं तर थेट रामायणांतच आश्रय घेतला! सीताफळ या नांवावर व शिल्पांतील आकृतींवर विसंबून कनिंगहॅमसारख्या विद्वानानें तें फळ भारहुतच्या स्तूपाच्या काळीं येथें होतें असें प्रतिपादन केलें. परंतु तें मूळचें अमेरिकेचेंच, हें वनस्पतिशास्त्रज्ञांचें मत पुढें मान्य झालें. भोपळ्याची गोष्ट अधिक फसवी. तांबडा भोपळा अमेरिकेचा, दुधी मात्र पुरातन. म्हणून जुन्या ग्रंथांत नुसता 'भोपळा' आला तर तो अलाबु, म्हणजे दुधी, समजावा. उपवासाच्या ताटांतील बटाटा, रताळें, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद हे सर्व समुद्रापलीकडचे आहेत. शास्त्रकारांच्या निषेधाच्या यादींत तीं नांवें येणें शक्यच नव्हतें, आणि माझ्या मतें त्यामुळेंच त्यांस ताटांत प्रवेश सुलभ झाला.

या कसोटीचा एक प्रयोग सांगतों. नांदेडकडील एका संग्राहक स्नेह्यांनीं पाकविधीची एक बाळबोध पोथी मजकडे पाठविली. पुष्पिकेंत शके १३८२, म्हणजे इ. स. १४६०, असा स्पष्ट उल्लेख. तिच्यावर तीच तारीख लिहून ती प्रदर्शनांत मांडावी अशी त्यांची इच्छा होती. वाचतां वाचतां एका चटणींत मिरची निघाली, पुढें भुईमूग निघाला. तेव्हां पोथी बनावट म्हणून बाजूस सारावी असें प्रथम मनांत आलें. परंतु तसें करणें अन्यायाचें झालें असतें. सर्व पानें पुन्हां लावून पाहतां असें आढळलें कीं, जेथें जेथें मिरची येते तो तो विधि प्रकरणाच्या समाप्तिवाक्यानंतर जोडलेला आहे. समाप्तीच्या आंतील मजकुरांत सर्वत्र मिरें, पिंपळी आणि सुंठ. माझें अनुमान असें कीं, मूळ ग्रंथ जुना. लेखकानें नक्कल करितांना आपल्या घरचे चार विधि भरीस घातले आणि पुष्पिका मात्र जशीच्या तशी उतरून घेतली. हातांतील प्रत म्हणून सतराव्या शतकापूर्वींची खास नव्हे. स्नेह्यांस हा निर्णय रुचला नाहीं व कांहीं दिवस आमचा पत्रव्यवहारही थांबला. पुढें त्यांनींच चिठ्ठीवर 'ग्रंथ जुना, प्रत उत्तरकालीन' असें लिहिलें.

एक मर्यादा येथेंच नमूद करितों. मिरचीचा उल्लेख पोथीस अलीकडे ओढतो. त्याचा अभाव तिला मागें नेत नाहीं. वैद्यकाचे व धर्मशास्त्राचे लेखक जुनीच द्रव्यावलि पिढ्यान्पिढ्या उतरून घेत असत, मग शेजारच्या चुलीवर मिरचीची फोडणी कां पडत असेना. पुरंदरदासांच्या नांवावरील एका पदांत मिरची येते, तिचा आधारही जपूनच घ्यावा. कारण पदें मुखपरंपरेनें आलीं आहेत. याउलट दप्तरांतील खर्चाचे कागद, मुदपाकाच्या याद्या आणि देवस्थानांचे नैवेद्याचे हिशेब यांत लेखकास जुनें नांव मिरविण्याचें कारण नसतें. तेथें आलेली मिरची त्या दिवशीं बाजारांतून आणलेली असते. कै. प. कृ. गोडे यांनीं जिलबीसारख्या पदार्थाचा माग ज्या चिकाटीनें हस्तलिखितांतून काढला, तसा मिरचीचा माग मराठी कागदांतून काढला गेला पाहिजे.

तरी कंधार, उदगीर, औसा, निलंगा या बाजूच्या ज्या घराण्यांत मितिवार खर्चाचे जुने मोडी कागद असतील, त्यांनीं 'मिरची' हा शब्द जेथें प्रथम आढळेल त्या कागदाची मिति, आणि त्याच कागदांत मिरें किती व कोणत्या भावानें घेतलें तो आंकडा, या त्रैमासिकाकडे कळवावा.