रामकुंडावरचा भोंगा

मंडळी, नाशिकचे रामकुंड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. साक्रीहून सटाण्यामार्गे निघाले की गोदाकाठ काही परका नाही. पण ते कुंड आहे केवढे, याचा कधी विचार केलात का? लांबी साधारण २७ मीटर आणि रुंदी १२ मीटर. शहरातला एखादा पोहण्याचा तलाव असतो तेवढेच. १६९६ साली ते बांधले गेले, पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी सुधारले. आणि सिंहस्थाच्या पर्वणीला एका दिवसात लाखो माणसे एवढ्याशा पाण्याकडे धाव घेतात.

म्हणून कुंभमेळ्याचा इतिहास मला नेहमी बंदोबस्ताचाही इतिहास वाटतो. पेशवाईत स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंत तंटे झाले. शेवटी जागाच वेगळ्या झाल्या. वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात आणि शैवांनी त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात स्नान करायचे, ही वाटणी आजही पाळली जाते. गर्दीची वाटणी करणे हा सुरक्षेचा सर्वांत जुना उपाय, आणि तो आपल्याकडे यंत्रांच्या कितीतरी आधी सापडला होता.

यंत्र आले ते आवाजाचे. १९१५ साली अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी ध्वनिवर्धकाचा जाहीर प्रयोग केला. आपल्या देशात १९३० च्या दशकात तो काँग्रेसच्या सभांतून लोकांच्या परिचयाचा झाला. प्रयागच्या मेळ्यात मात्र राजाराम तिवारी नावाच्या माणसाने १९४६ पासून हरवलेल्यांना घरच्यांशी भेटवण्याचे काम सुरू केले, ते साध्या पत्र्याच्या भोंग्यावर! 'भूले भटके शिविर' ते हेच. २०१६ साली ते वारले, तोपर्यंत त्यांनी किती आयाबायांना आणि लेकरांना घरी पोचवले असेल, याचा हिशेब करायला बसलो की मन भरून येते. आपल्याकडच्या बायका यात्रेत एकमेकींच्या पदरांना गाठी मारून चालत. ती गाठ सुटली की उरतो तो भोंगाच.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. शाही मिरवणुकीच्या अरुंद, उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. साधूंनी उधळलेली नाणी वेचायला लोक वाकले आणि मागचा लोंढा अंगावर आला, असे तेव्हा सांगितले गेले. आमच्या गल्लीतली काही मंडळी त्या दिवशी नाशकातच होती. ती रात्री उशिरा सुखरूप परतली. त्यांतल्या एका म्हातारबाईंना मी विचारले, "पोलीस काही सांगत नव्हते का?" त्या म्हणाल्या, "भोंगा वाजत व्हता, पन काय सांगस ते समजेच ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

समजत का नाही, याचे एक कारण शास्त्राचे आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा, एक कर्णा तुमच्याजवळ आहे आणि दुसरा १७० मीटर लांब. दुसऱ्याचा तोच शब्द तुमच्या कानी अर्धा सेकंद उशिरा पडतो आणि तोवर पहिला कर्णा पुढच्या शब्दावर गेलेला असतो. घाटाच्या दगडी भिंती त्यात आपली भर घालतात. मग नुसता कल्लोळ ऐकू येतो. म्हणून कर्णे मोठे करून भागत नाही. लहान कर्णे जवळजवळ लावून लांबच्या कर्ण्यांचा आवाज हिशेबाने थोडा उशिरा सोडावा लागतो. आजच्या यंत्रांत ती सोय असते. शिवाय प्रत्येक घाटासाठी वेगळी घोषणा हवी. तपोवनातल्या माणसाला रामकुंडाची सूचना ऐकून काय करायचे?

चुकीच्या वेळची घोषणाही जीव घेते. १० फेब्रुवारी २०१३ रोजी अलाहाबाद स्टेशनवर ३६ भाविक चिरडले गेले. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलल्याची घोषणा झाली आणि जिन्यावर झुंबड उडाली, असे तिथून वाचलेल्यांनी सांगितले.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकने बरेच धडे घेतले होते. मिरवणुकीचा मार्ग बदलला, नवे घाट झाले, कॅमेरे बसले. मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या 'कुंभथॉन' उपक्रमात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने साथीदारांसह पावले मोजणारी चटई तयार केली. तिच्यावरून किती माणसे गेली हे लगेच कळते आणि पुढे गर्दी साचतेय का, ते ओळखता येते. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचा विशेष आनंद वाटतो. मात्र २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला कठडे इतके झाले की लोकांना मैलोन्‌मैल चालावे लागले आणि गर्दी अपेक्षेपेक्षा कमी राहिली. टीका झाल्यावर पुढच्या पर्वणीला बंधने सैल करण्यात आली.

प्रयागला २०२५ मध्ये अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झालीच. मृतांचा सरकारी आकडा ३० होता. कॅमेरा पाहतो, तो नियंत्रण कक्षातल्या साहेबांसाठी. घाटावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो तो भोंगाच.

आता २०२७ च्या पर्वण्यांची तयारी आहे. त्यासाठी २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणही स्थापन झाले. नव्या कॅमेऱ्यांना माझी ना नाही. माझी मागणी लहान आहे. घोषणा अहिराणीतही व्हाव्यात, आणि आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या भिल्ल, कोकणा बांधवांच्या बोलींतही. चाळीस वर्षे वर्गात शिकवताना मी एक गोष्ट पाहिली. पोराला घाबरलेल्या क्षणी पुस्तकातली भाषा कळत नाही, आईची कळते. पाण्याच्या काठी, पाठीमागे लोंढा असताना सत्तरीची बाईसुद्धा तशीच लेकरू होते. तिला कुणी तिच्याच बोलीत सांगितले, "आठे थांबू नका, म्होरे चाला," तर तिचे पाऊल आपोआप पुढे पडेल.

याला फार पैसे लागत नाहीत. ती बोली बोलणारी चार शहाणी माणसे आणि स्पष्ट ऐकू येणारे कर्णे, एवढे पुरे. आपल्या नात्यागोत्यातले कुणी त्या व्यवस्थेत असेल, तर त्याच्या कानावर हे जरूर घालावे.