सामर्थ्य आणि मितव्यय

आगगाडीच्या इतिहासांत केवळ सामर्थ्याच्या बळावर कोणतेंही एंजिन टिकलेलें नाहीं. अमेरिकेंतील युनियन पॅसिफिक रेल्वेनें १९५२ ते १९६१ या काळांत गॅस टर्बाइनचीं ५५ एंजिनें मालगाड्यांना जोडलीं. त्यांतील शेवटचीं ३० तर साडेआठ हजार अश्वशक्तीचीं होतीं. परंतु टर्बाइनच्या शक्तीचा मोठा वांटा हवा दाबण्यांतच खर्ची पडे. गाडी उभी असली तरी तेलाची भूक फारशी शमत नसे. डिझेल एंजिन मात्र कामाच्या मानानेंच तेल घेई. तेल शुद्ध केल्यावर उरणारा दाट गाळ मातीमोलानें मिळे तोंवर ही उधळपट्टी खपली. तोच गाळ इतर उद्योगांना उपयोगी ठरतांच त्याचा भाव चढला. शिवाय त्यानें टर्बाइनचीं पातीं झिजत, आणि कर्कश आवाज वस्तीला असह्य होई, तें निराळेंच. १९६९ च्या अखेरीस हें एंजिन शेवटचें धांवलें. सामर्थ्य दिपविते, संसार मात्र काटकसरच चालविते.