जुनी म्हणजे कुणाची?

स्नेहमेळाव्याच्या संध्याकाळी कुठली गाणी लावायची, यावरून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेली जुगलबंदी सगळ्यांना आठवत असेलच. दीडशेच्या वर मेसेज पडले. सूर साधारण एकच होता: आजकालच्या गाण्यांत काही राम उरला नाही, फक्त जुनी गाणी लावा. मीही अंगठा दाखवून मोकळी झाले होते. मग शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र, जो वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे ग्रुपवर कधी काही लिहीत नाही, त्याने विचारलं, "जुनी म्हणजे कुणाची?" त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. ग्रुप लगेच जेवणाच्या मेनूकडे वळला.

स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'आयटीतल्या गमतीजमती' असा लेख मागितला होता. तो पुढच्या मेळाव्याला. यंदा या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न करते. मी संगीताची अभ्यासक नाही. पेटीच्या दोन परीक्षा दिल्या, मग इंजिनिअरिंग, मग वीस-बावीस वर्षं कोड. पण गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करते. त्यांच्या लेखी गाणं बालगंधर्वांपाशी सुरू होऊन तिथेच संपलं. घरात रेडिओवर भावगीत लागलं की ते म्हणायचे, "हे गाणं नव्हे, पुटपुटणं." वडिलांना मात्र तेच पुटपुटणं म्हणजे सर्वस्व. गंमत अशी, की आजोबांच्या आवडत्या नाट्यसंगीतावरही त्याच्या काळात टीका होतच होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आलं, आणि पुढे गंधर्वयुगात वन्समोअरवर वन्समोअर घेत एकेक पद इतकं लांबायला लागलं, की गाण्यापायी नाटक मागे पडतं, अशी तक्रार जाणकार करत होते. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, मराठी सिनेमा बोलायला लागला, आणि बघता बघता नाटक कंपन्यांची घरघर सुरू झाली. तेव्हाही संगीत बुडालंच होतं.

आजोबांच्या 'पुटपुटण्या'मागे मात्र एक तांत्रिक गोष्ट आहे, आणि माझ्यातल्या इंजिनिअरला तीच जास्त आवडते. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असे, तोही माईकशिवाय. त्यामुळे खणखणीत, मोकळा आवाज ही गरजच होती. १९२५ च्या सुमाराला जगात विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि माईकसमोर हळू गाणं शक्य झालं. शिवाय ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ध्रुपद, दोन-तीन कडवी, मधे छोटे वाद्यांचे तुकडे, झालं गाणं. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची कविता याच मापात बसवून गायली. भावगीताची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. म्हणजे आपण ज्याला 'हळुवार, अभिजात' म्हणतो, त्याचा आकार बराचसा एका यंत्राने ठरवला होता. आज मोबाईलच्या तीस सेकंदांच्या रीलने गाण्याचा आकार बदलला, म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तक्रार खोटी नाही, पण नवीही नाही.

मग रेडिओ. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ऐकणारे काय थांबतात होय? त्यांनी काटा रेडिओ सिलोनवर फिरवला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षाच्या शेवटी सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. आज आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, तीच ही गाणी, ज्यांना तेव्हा देशाच्या कानांसाठी हानिकारक ठरवलं गेलं होतं!

पण केसकरांची टिंगल करून मोकळं होता येत नाही. त्याच आकाशवाणीने, त्याच काळात, पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू केलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं. मुदतीच्या तगाद्याखाली (आमच्या भाषेत दर आठवड्याला रिलीज!) इतकं उत्तम काम झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सरकारी रेडिओने चांगलं काय याचा हट्ट धरला, म्हणून ते झालं. हट्टाने काही गोष्टी घडतात आणि काही दाराबाहेर राहतात.

दाराबाहेर काय राहिलं, ते मला शाळेत असतानाच कळायला हवं होतं. आकाशवाणीवर गायचं तर आवाजाची चाचणी द्यायची, श्रेणी मिळवायची. रेकॉर्ड निघायची तर कंपनी मुख्यतः एकच, एचएमव्ही. या दोन चाळण्यांतून जे खाली आलं, ते आपल्या घरांत सांगली केंद्रावरून सकाळी ऐकू यायचं. तीसच्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगाव होत होते, पुढे वामनदादा कर्डक गावोगाव स्वतःची गाणी गात फिरले. ते आपल्या रेडिओत क्वचितच आलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि चाळणीच फाटली. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता, थोडं भांडवल आणि नकला काढणारी यंत्रं पुरत. प्रल्हाद शिंदे एस.टी. स्टँडवरच्या टपरीतून थेट घरात आले: विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या. त्यांचा मुलगा आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं तर आपण सगळ्यांनी चोरून म्हटलेलं आहे. घरी म्हटलं की पाठीत धपाटा.

आता आपल्या नववीच्या गॅदरिंगकडे येते. सन १९९४-९५. गाण्यांच्या निवडीची वही माझ्याकडे होती, कारण मला पेटी येत होती आणि अक्षर बरं होतं. या मित्राने एक भीमगीत दिलं होतं. त्याचे वडील चौदा एप्रिलला तेच गायचे. मी त्यावर काट मारली. "हे मिरवणुकीतलं आहे, गॅदरिंगमधलं नाही," असं म्हणाले. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, कुणाला विचारायचीही गरज वाटली नाही. त्याच्या जागी मी स्वतःचं नाट्यगीत घातलं. ते मी वरच्या षड्जाला बेसूर गायले, हे तुमच्यापैकी काहींना अजून आठवतं आणि दर मेळाव्याला आठवण करून देता. त्याचं गाणं कुणालाच आठवत नाही, कारण ते झालंच नाही.

हे लिहिण्याआधी मी जरा आकडेही धुंडाळले. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या चार लाखांहून जास्त पाश्चात्त्य गाण्यांची संगणकावर छाननी केली. गाणी अधिक मोठ्या आवाजाची होत गेली आहेत आणि सुरावटींतलं, ध्वनींतलं वैविध्य घटलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष. 'बघा, सांगत नव्हतो!' असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. २०१५ मध्ये लंडनच्या चमूने अमेरिकेतली पन्नास वर्षांतली सतरा हजार लोकप्रिय गाणी तपासली. त्यांना अशी सलग घसरण दिसली नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ च्या आसपास एकदम मोठे बदल तेवढे दिसले. प्रश्न एक, उत्तरं दोन. पण माझ्या मनात दुसरीच गोष्ट राहिली. दोन्हीकडे मोजलं गेलं ते फक्त रेकॉर्ड झालेलं. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून खेड्यापाड्यांत जाऊन बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायकांना कुठल्या चार्टमध्ये जागा होती? माझी आजी पहाटे दळताना गायची. आजोबांनी त्याला कधी 'पुटपुटणं'सुद्धा म्हटलं नाही. ते गाणं आहे, हेच त्यांच्या गावी नव्हतं.

म्हणून नवं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. शब्दांच्या बाबतीत मला खरंच घसरण दिसते. सुरेश भट, ग्रेस, आरती प्रभू हे आधी कवी होते, आणि हृदयनाथ मंगेशकरांसारखा संगीतकार त्यांच्या कवितेपुढे वाकायला तयार होता. आता पुष्कळदा ठेका आधी येतो आणि शब्द नंतर कोंबले जातात. ऑटोट्यूनने सगळे आवाज इस्त्री केल्यासारखे होतात. पण 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, त्या वर्षी, २०१६ मध्ये, मी हिंजवडीच्या ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचले आहे. आणि २०१३ च्या 'दुनियादारी'तलं गाभाऱ्याचं गाणं ग्रुपवर 'हल्लीचं एकच चांगलं' म्हणून तीनदा फिरलं होतं. त्यातला आदर्श शिंदे यांचा आवाज हा प्रल्हाद शिंद्यांच्या नातवाचा. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहिते.

गेल्या महिन्यात त्या मित्राला फोन केला. वहीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला माहीत आहे की. अक्षर तुझंच होतं." मग बराच वेळ आम्ही त्याच्या वडिलांबद्दल बोललो. ते आता नाहीत. त्यांच्या गाण्याची एक कॅसेट घरात आहे, पण वाजवायला टेपरेकॉर्डर नाही. ती डिजिटल करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

मेळाव्याच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात तिसऱ्या क्रमांकावर तो गाणार आहे. पेटीची साथ माझी. पट्टी विचारली तर म्हणाला, काळी तीन, आणि ढोलकी तो घेऊन येतो आहे. माझ्या पेटीच्या भात्याला भोक पडलं होतं, ती दुरुस्तीला दिली आहे. शनिवारी मिळेल म्हणतात.