आधी बारगीर, मग शिलेदार

मी सध्या पहिलं तट्टू विकत घ्यायच्या विचारात आहे आणि रिकिबीत पाय नीट कसा ठेवायचा, हे अजून शिकतोय. माझ्यासारख्या नवख्याने स्वतःचं घोडं घ्यावं का, या प्रश्नाचं उत्तर मराठ्यांच्या इतिहासात दोन शब्दांत आहे: शिलेदार आणि बारगीर.

शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा. शिलेदार जास्त मोकळा होता, पण जोखीमही त्याचीच होती. घोडं लढाईत पडलं किंवा चाऱ्यावाचून मेलं, की त्याचं भांडवल बुडालं. त्यामुळे काही शिलेदार ऐन लढाईत शत्रूपेक्षा आपल्या जनावराकडेच जास्त लक्ष ठेवत.

शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर. सभासद बखरीत या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर, या दोन गोष्टींची कायमची सोय. आज एकच तट्टू पाळणाऱ्याला ही सोय स्वतः उभी करावी लागते. घोड्याचे खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात. तुम्ही त्यावर बसा वा नका बसू, दर सहा-आठ आठवड्यांनी ते साळावेच लागतात.

चाऱ्याचंही तसंच. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूण भागातल्या जुमलेदारांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: आत्ताच दाणा-वैरण उधळलीत, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, शिवाय तुम्ही रयतेकडे हात पसराल. घोडं घेण्याआधी वर्षभराच्या वैरणीचा हिशोब मांडा, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आता साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडला येऊ. शिंदे घराणं इथलं. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यातच इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याने लिहिलंय की शिंदे पूर्वापार शिलेदार, पण गरिबी आली आणि राणोजी आधी बाळाजी विश्वनाथांच्या, मग बाजीरावांच्या पागेत चाकरीला लागले. पुढे याच राणोजींनी माळव्यात सत्ता उभारली. त्यांचे पुत्र महादजी. पागेच्या चाकरीने त्यांची वाट अडवली नाही.

त्या काळात महाराष्ट्रातले कितीतरी स्वार ज्या घोड्यावर बसत, ते भीमथडीचं तट्टू आजही टिकून आहे. उंचीला कमी, पण काटक. दगडाधोंड्यांतून, कमी चाऱ्यावर चालणारं. पेशवाई संपली तशी फौजेची मागणी आटली. हे तट्टू सांभाळलं ते धनगरांनी. साताऱ्याच्या फलटण-माणपासून सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंतचे मेंढपाळ वाड्यावर निघतात, तेव्हा भांडीकुंडी, कोकरं आणि कधी लहान पोरंही याच तट्टांच्या पाठीवर असतात. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

त्यामुळे विकत घ्यायचं तर भीमथडीच, हे माझं ठरलंय. पण ओझं वाहणारं तट्टू लगेच खोगिराला सरावतं असं नाही, आणि नवख्या स्वाराने नवखं घोडं घेणं दोघांच्याही अंगाशी येतं. सौदा करताना मालकाला आधी स्वतः बसून दाखवायला सांगायचं, चारही खूर उचलून बघायचे, पशुवैद्याकडून दात आणि पाय तपासून घ्यायचे. पाच वर्षांपर्यंत कायमचे पुढचे दात पूर्ण येतात, तोवर वयाचा अंदाज बऱ्यापैकी लागतो. त्यानंतर विकणारा सांगेल ते वय. शिवाय घोडं कळपातलं जनावर, एकटं झुरतं. आणि नीट सांभाळलं तर तट्टू पंचवीस वर्षंही जगतं. मी आज अठ्ठावीसचा आहे. म्हणजे हा सौदा माझ्या पन्नाशीपर्यंतचा.

म्हणून तट्टासाठी बाजूला काढलेले पैसे वर्षभर तसेच राहतील. दर शनिवार-रविवार ओळखीच्या एका तबेल्यात जायचं, लीद उचलायची, खरारा करायचा, नालबंद काम करताना घोड्याचा पाय धरून उभं राहायचं आणि जमेल तेव्हा दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं. पावसाळ्यातही हे चुकलं नाही, तर पुढच्या दिवाळीनंतर आटपाडीकडे तट्टू बघायला जाईन.