फलकावरचं भोकर

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर कारंजा मागे पडलं की वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा फलक येतो. 701 किलोमीटरची ही वाट 11 डिसेंबर 2022 रोजी शिर्डीपर्यंत खुली झाली. 5 जून 2025 रोजी इगतपुरीच्या डोंगरातला सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा पार करून ती ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला पोहोचली. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण 'शेलू' म्हणजे काय?

उत्तर अमरकोश या संस्कृत शब्दकोशात आहे. तिथे 'शेलु' आणि 'श्लेष्मातक' ही एकाच झाडाची नावं येतात. ते झाड म्हणजे आपली भोकर. तिच्या फळांचं लोणचं घालतात, चिकट गराने कागद चिकटवतात. वडगाव, पिंपळगाव, चिंचोली, बोरगाव अशी नावं देणाऱ्या मुलखात भोकरीच्या नावाचं गाव असावं, यात नवल नाही.

प्रतिस्पर्धी व्युत्पत्ती 'शैल', म्हणजे डोंगर. तीही दुबळी नाही, कारण प्राकृतात 'शैल'चं 'सेल' होतं. पण याच नावाचं वर्धा जिल्ह्यातलं सेलू सपाटीवर, परभणीतलं सेलूही गोदावरी खोऱ्याच्या सपाटीवर. डोंगरच नसेल तर 'शैल' कुठून येणार? शिवाय शेवटच्या 'ऊ'चा हिशेब 'शैल'ला देता येत नाही. 'वालुका'ची 'वाळू' झाली, तशीच 'शेलुका'सारख्या एखाद्या रूपाची 'शेलू' झाली असणार.

तरीही नावाच्या दिसण्यावर भुलून चालत नाही. जालना जिल्ह्यातलं भोकरदन वरवर भोकरीचंच वाटतं. प्रत्यक्षात ते प्राचीन भोगवर्धन आहे, आणि सांचीच्या शिलालेखांत त्याचा उल्लेख सापडतो. शेलूबाबत असा जुना दावेदार पुढे आलेला नाही, म्हणून भोकरीचं पारडं जड ठरतं.

'बाजार' हा फारसी शब्द मागाहून जोडला गेला असणार. अकोला-मंगरुळपीर आणि नागपूर-छत्रपती संभाजीनगर हे जुने रस्ते इथे एकमेकांना छेदतात. अशा चौफुलीवर बाजार भरणं साहजिकच. इतक्या शेलू-सेलूंमधून हे गाव वेगळं ओळखायला तो शब्द कामी आला. अमरावती जिल्ह्यात असंच घडलं: एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे. तिथे रेल्वे गावाच्या नावात जाऊन बसली. शेलूजवळून समृद्धी गेली, तरी तिच्या फलकावर झाड आणि बाजार हेच दोघे आहेत.