तुलनेचे वर्तुळ : पंचरत्नम आणि संमिश्र संख्यांचा गुणाकार

संमिश्र संख्यांच्या गुणाकाराला भूमितीय अर्थ लाभला तो वेसेल (१७९९) आणि आर्गां (१८०६) यांच्या लेखनातून. अशी संख्या म्हणजे प्रतलावरील एक बाण होय. दोन बाणांच्या गुणाकारात लांबींचा गुणाकार होतो, कोनांची मात्र बेरीज होते. उणे एकचे वर्गमूळ म्हणजे काटकोनातले एक वळण. अशी दोन वळणे घेतली की दिशा उलटते. एका बाणाच्या कोनाचे चिन्ह पालटून गुणाकार केल्यास कोनांची वजाबाकी होते. मग हाच गुणाकार तुलनेचे साधन ठरतो : दोन तरंगांच्या कलांमधील अंतर त्यातून मिळते.

पहिला तरंग दुसऱ्याशी समकला असेल आणि दुसरा तिसऱ्याशी, तर पहिला व तिसराही समकला असणार, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या बावीस वर्षांच्या एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की, ध्रुवित प्रकाशाच्या बाबतीत ही अपेक्षा खरी ठरत नाही. दोन शलाकांच्या मीलनातून महत्तम तीव्रता मिळते तेव्हा त्या समकला, अशी त्यांची व्याख्या होती. ध्रुवणाच्या तीन अवस्था प्वांकारे गोलावर मांडल्या असता होणाऱ्या त्रिकोणाच्या घनकोनाच्या निम्मे कलांतर अखेरीस उरते. आडवे रेषीय, ४५ अंशांतील रेषीय आणि वर्तुळाकार ध्रुवण घेतल्यास त्रिकोण गोलाचा अष्टमांश व्यापतो. उरणारे कलांतर ४५ अंशांचे असते.

पंचरत्नम यांची मांडणी गोलीय भूमितीची होती. संमिश्र संख्यांच्या भाषेत तीच गोष्ट तीन तुलनांच्या गुणाकाराचा कोन म्हणून सांगता येते. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत भूमितीय कलेचा सिद्धान्त मांडला. १९८६ मध्ये रामशेषन व नित्यानंद यांनी ‘करंट सायन्स’मधून पंचरत्नम यांचे कार्य त्याचे पूर्वरूप असल्याचे दाखवले आणि १९८७ मध्ये बेरी यांनीही त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पंचरत्नम मात्र १९६९ मध्येच निवर्तले होते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात दुहेरी बोध आहे. एकच सत्य दोन परिभाषांत मांडले गेले आणि त्यांतील नाते ओळखण्यासाठी वाचक लागले. शिवाय, जोडीजोडीने जुळलेल्या तीन कृतींचे वर्तुळ पूर्ण होईलच, असे गृहीत धरता येत नाही. उरणारे अंतर कोणत्याही एका जोडीतले नसते. ते तिन्ही तुलनांच्या वाटेचे असते.